रिकामे भांडे

माणसांचा अभ्यास करण्यासाठी परदेशी कशाला जावयाचे, आपल्याकडे माणसे थोडी आहेत काय, असा प्रश्न दर उन्हाळ्याच्या सुटीत एखादे तरी गृहस्थ आम्हांस विचारतात. मुलगा यंत्रविद्या शिकण्यास अमेरिकेस निघाला म्हणजे 'का' असे कोणी विचारीत नाही. विचारतात ते 'केव्हा' आणि 'कोणत्या गावी' एवढेच. परंतु मुलीने घरात जाहीर केले की आपणांस सामाजिक व सांस्कृतिक मानवशास्त्राची उच्च पदवी घ्यावयाची आहे, आणि तीही इंग्लंडात किंवा हॉलंडात, की घरातील वडील माणसे प्रथम त्या शब्दाचा अर्थ विचारतात, मग खर्च विचारतात आणि शेवटी आमच्याकडे येतात. आम्ही हा विषय गेली पंचवीसेक वर्षे शिकवीत आलो आहो व त्यापूर्वी एक वर्ष तो लंडनमध्ये शिकलोही आहो, एवढ्यावरून आमच्याजवळ या प्रश्नाचे तयार उत्तर असेल अशी त्यांची समजूत असते. तसे ते नाही. असते तर ते एका वाक्यात सांगून पाहुण्यांना चहा विचारण्यास आम्ही मोकळे झालो असतो.

पहिली अडचण नावाचीच आहे. आपल्याकडे मागच्या पिढीने या शास्त्रास 'मानववंशशास्त्र' म्हटले, आणि त्या शब्दाच्या मधोमध 'वंश' येऊन बसला आहे तो उगाच नव्हे. एके काळी फूटपट्टी आणि कवटी मोजण्याचा कंपास हीच या शास्त्राची हत्यारे होती. नाकाच्या लांबीरुंदीवरून माणसाची सामाजिक पायरी ओळखता येते असे मानणारे रिस्ले साहेब हिंदुस्थानच्या १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख होते. आज ज्याला सामाजिक व सांस्कृतिक मानवशास्त्र म्हणतात ते या मोजमापाकडे पाठ फिरवूनच उभे राहिले. त्या जोडनावालाही इतिहास आहे. जर्मनीत जन्मलेले फ्रान्झ बोआस १८८३ साली बॅफिन बेटावरील इन्युइट लोकांत जाऊन राहिले, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्थिरावले, आणि माणसामाणसांतील भेद रक्तातून येत नसून शिकण्यातून व सवयीतून येतात हे सांगण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले; म्हणून अमेरिकेत हे शास्त्र 'सांस्कृतिक' झाले. इंग्लंडात पोलंडहून आलेले मालिनोव्स्की आणि बर्मिंगहॅमचे रॅडक्लिफ-ब्राउन यांची दृष्टी नातीगोती, देवघेव, सत्ता अशा व्यवस्थांकडे अधिक, म्हणून तेथे ते 'सामाजिक' म्हणविले गेले. आता कित्येक विद्यापीठे दोन्ही विशेषणे पदवीस जोडून मोकळी होतात. लग्नपत्रिकेत दोन्ही घराण्यांची नावे छापावी, त्यातलाच हा प्रकार; त्यावरून घराण्यांत एकोपा आहे असे समजू नये.

आपल्या लोकांनी या विद्येसाठी समुद्र ओलांडला त्यास आता शंभर वर्षे होऊन गेली. मालवणकडचे गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन १९२० साली गेले, केंब्रिजला रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकू लागले, आणि १९२२ साली रिव्हर्स अकस्मात वारल्यावर हॅडन यांच्याकडे प्रबंध पुरा करून परतले. पुढे मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांची जी पिढी तयार केली तिच्यावाचून आपल्या देशातील या शास्त्राचा इतिहास लिहिता येणार नाही. इरावतीबाई कर्वे यांची गोष्ट निराळी. १९२८ साली त्या बर्लिनला पोचल्या तेव्हा त्यांच्या वाट्यास कवट्या आल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे १९२७ साली स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र शाखेचे प्रमुख. कवटीच्या उजव्याडाव्या बाजूंतील असमानपणाचा वंशाशी संबंध आहे असा त्यांचा तर्क होता. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असे लिहिले. पुढे थोड्याच वर्षांत त्या संस्थेने हिटलरच्या वंशधोरणास शास्त्राचा टिळा लावला, हे ध्यानात आणले म्हणजे एका तरुण मराठी विद्यार्थिनीने गुरूच्याच कंपासाने गुरूचा सिद्धांत नाकारला याचे मोल कळते. बाईंचे ललित लेखन मराठी घरांत प्रेमाने वाचले जाते; ही कवट्यांची हकीकत मात्र त्याच घरांत फारशी कोणास ठाऊक नसते.

आमचे जाणे यांच्या मानाने अगदीच सामान्य. १९९६ च्या सप्टेंबरात, पौंडाला पंचावन्न रुपयांच्या घरात मोजावे लागत असताना, एका शिष्यवृत्तीच्या बळावर आम्ही लंडनला उतरलो. आता पौंड शंभराच्या पुष्कळ वर गेला आहे. जो पालक शिष्यवृत्तीवाचून हा बेत करील त्याने आधी पेन्सिल घेऊन बसावे, हा आमचा सल्ला रुक्ष असला तरी पहिला आहे. दुसरा सल्ला असा की, बारा महिन्यांच्या या वर्षात शिकवणीचे आठवडे वीसच असतात. उरलेला काळ वाचनाचा, परीक्षेचा आणि उन्हाळ्यात लिहावयाच्या सुमारे दहा हजार शब्दांच्या निबंधाचा. व्याख्यान ऐकून उतरवून घेण्याची आपली सवय तेथे निरुपयोगी ठरते. आठवड्यास दोन-तीन ग्रंथ आणि पाच-सहा लेख वाचून चर्चेस बसावयाचे, आणि गुरुजी गप्प बसले म्हणजे आपण बोलावयाचे. आमच्या वर्गात वीसएक विद्यार्थी होते. कोणी आयर्लंडचा, कोणी ब्राझीलची, एक नॉर्वेजियन बाई दोन मुले घरी ठेवून आलेल्या, आणि इंग्रज अर्थात पुष्कळ. पहिले काही आठवडे आम्ही गप्पच होतो. ते गप्प बसणे ज्या दिवशी सुटले तो नातेसंबंधाच्या पाठाचा दिवस.

फळ्यावर त्रिकोण आणि वर्तुळे काढलेली होती: त्रिकोण पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचे, दोन समांतर रेघा म्हणजे विवाह. आईच्या भावाचा मुलगा आणि वडिलांच्या भावाचा मुलगा हे दोन वेगळे प्रकारचे आप्त कसे, हे आमच्या इंग्रज सोबत्यांच्या गळी उतरविण्यात अर्धा तास गेला. त्यांच्या भाषेत दोघेही 'कझिन'. त्यांच्या बहिणीही 'कझिन'. आणि काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान हे सगळे एकाच 'अंकल'च्या पोत्यात. आमच्यापुढे मात्र फळ्यावरचा प्रत्येक त्रिकोण आपापले नाव घेऊन उभा होता: चुलत, आते, मामे, मावस. जी गोष्ट सांगण्यासाठी रॉचेस्टरचे वकील मॉर्गन यांनी मिशनरी व वकिलातींकडे प्रश्नपत्रिका धाडून १८७१ साली जाडजूड ग्रंथ काढला, आणि अमेरिकेतील सेनेका इंडियन व दक्षिणेतील तमिळ लोक नातेवाइकांची वाटणी एकाच तऱ्हेने करतात हे दाखवून विद्वानांस थक्क केले, त्या गोष्टीचा निम्मा भाग आमच्या आजीने पाच वर्षांच्या पोरास अंगणात शिकविला होता. मामाच्या मुलीशी आमच्याकडे पुष्कळ जातींत लग्न होते, आत्याच्या मुलीशी करणे मात्र बहुधा टाळतात, आणि नर्मदेपलीकडे दोन्ही गोष्टी ऐकून लोक कानांवर हात ठेवतात, असे आम्ही सांगितले तेव्हा गुरुजींनी खडू आमच्या हाती दिला.

त्यानंतर रॅडक्लिफ-ब्राउन यांचा मामाविषयीचा १९२४ चा सुप्रसिद्ध लेख आला. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील थोंगा लोकांत भाचा मामाच्या घरी वाटेल ती सलगी करतो, त्याच्या ताटातले उचलून खातो, आणि मामास ते गोडच वाटते. कारण मामा म्हणजे जणू पुरुषाच्या रूपातील आईच, अशी त्यांची उपपत्ती. हे वाचीत असता सुटीतले आजोळ, माळ्यावरचे आंबे आणि आमच्या थोरल्या मामांचा खिसा ही आम्हांस एकदम आठवली. दुसऱ्याच आठवड्यात मालिनोव्स्कींचा ट्रोब्रिआंड बेटांवरील मामा भेटला. तो कडक, वारसा देणारा, शिस्त लावणारा. आणि तेथे खेळगडी तो बाप! 'मामा बनविणे' याचा अर्थ फसविणे असा आमच्या भाषेत होतो, हे आम्ही वर्गास सांगितले तेव्हा नॉर्वेच्या बाईंनी ते टिपून घेतले. त्यांनी त्याचे पुढे काय केले असेल कोण जाणे.

परंतु मोठा धक्का दिला तो मार्सेल मोस यांनी. त्यांचा देणगीवरील निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. पॉलिनेशियातील माओरी, वायव्य अमेरिकेतील इंडियन, मेलानेशियातील बेटे आणि जुने रोमन व हिंदू कायदे चाळून त्यांनी असे प्रतिपादिले की, फुकट दिलेली वस्तू म्हणून जगात काही नसते. देणे हे बंधन, घेणे हे बंधन, आणि परत करणे हे तिसरे बंधन; या तीन बंधनांनी माणसे एकमेकांस बांधली जातात. मालिनोव्स्कींनी १९२२ च्या ग्रंथात वर्णिलेला 'कुला' हा त्यांचा मुख्य साक्षीदार: तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळातून एका दिशेने फिरतात, पांढरी शंखवलये उलट दिशेने, आणि कोणीही ती कायमची ठेवून घ्यावयाची नसतात. आम्ही ग्रंथालयातल्या कोपऱ्यात बसून हे वाचले आणि डोळ्यांसमोर आले ते शेजारच्या काकूंचे पितळी पातेले. त्यातून खरवस आला की आई ते घासून, पुसून, तळाशी मूठभर साखर घालून परत धाडी. कधी साखर, कधी दोन लिंबे, काहीच नसले तर चार तुळशीची पाने. परंतु रिकामे भांडे परत करावयाचे नाही. लग्नातल्या आहेराच्या वह्या आठवल्या. कोणी किती घातले ते लिहून ठेवावयाचे, आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की वही काढून त्याहून किंचित वरचढ आकडा ठरवावयाचा. 'आहेर आणू नये' असे पत्रिकेत छापणारे यजमान या साखळीतून सुटू पाहत असतात, म्हणूनच त्यांच्याविषयी जुन्या बायकांना संशय येतो, हेही आता उमगले.

आम्ही त्याच रात्री आईस पत्र लिहिले: भांडे रिकामे का परत करू नये, याचे कारण तुला काय वाटते? त्या काळी दूरध्वनी महाग, आणि आईची पत्रे निळ्या हवाईपत्रावर दहाबारा दिवसांनी येत. उत्तर आले: "तुला कोणी रिकामे भांडे परत केले का? परक्या मुलखात इतके मनाला लावून घेऊ नये." खाली घरातली खुशाली होती. कारण काही नव्हते.

जातीचा आठवडा वसंतसत्रात आला. त्या दिवशी वर्गातली वीस तोंडे आमच्याकडे वळली. याचा अनुभव परदेशी या शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्यास येतो, आणि तो आधी सांगून ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आपण विद्यार्थी असतो तसेच त्या दिवसापुरते पुराव्याचे कागदही असतो. वाचनाच्या यादीत फ्रेंच पंडित लुई द्यूमाँ यांचा १९६६ चा ग्रंथ होता. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेवर सगळी जातिव्यवस्था तोलून धरणारी त्यांची बुद्धी विलक्षण आहे यात शंका नाही. यादीत नव्हता तो एक मराठी माणसाचा निबंध. ९ मे १९१६ रोजी, म्हणजे आमच्या वर्गापूर्वी ऐंशी वर्षे, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर तो वाचला. वय पंचवीस, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, पदवीचा मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. तो जुना खंड आम्ही ग्रंथालयाच्या तळघरातून काढविला आणि उभ्या उभ्याच वाचून संपविला.

त्या निबंधात कोठेही गाऱ्हाणे नाही. हा तरुण सांगतो की जात म्हणजे दारे लावून घेतलेला वर्ग, आणि ते दार म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हे दार बंद ठेवावयाचे तर नवरा-बायकोंची संख्या जुळती राहिली पाहिजे; बायको मेलेला पुरुष आणि नवरा मेलेली बाई हे दोघे हिशेबाबाहेर उरतात; आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ह्या त्या उरलेल्यांची सोय लावण्याच्या युक्त्या होत. वरच्यांनी दार लावले, मग खालच्यांनी त्यांचे अनुकरण केले. बीजगणितातले समीकरण सोडवावे तसा हा युक्तिवाद चालतो. ज्याला हिंदुस्थानात शाळेच्या खोलीत गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते तो मनुष्य न्यूयॉर्कच्या चर्चेच्या मेजाशी इतरांच्या बरोबरीने बसून, स्वतःविषयी अक्षरही न काढता, त्या गोणपाटाची उपपत्ती सांगत होता. आणि दुसऱ्याच वर्षी बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेल्यावर त्याला राहण्यास जागा मिळेना. माणसांचा अभ्यास करण्यास परदेशी कशाला, असे विचारणाऱ्या गृहस्थांपुढे आम्ही कधी कधी ह्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो.

मग निबंधाचा विषय ठरविण्याची वेळ आली. आमची इच्छा इंग्रजांचा अभ्यास करण्याची होती. आमच्या मार्गदर्शकांस ती रुचली नाही. तुम्हांस मराठी येते, घरची माणसे आहेत, एखादे खेडे असेल, ते सोडून येथे काय पाहणार, असे त्यांनी सौजन्याने दोनतीनदा सुचविले. आमच्या वर्गातला एक यॉर्कशायरचा मुलगा नेपाळास निघाला होता. त्याला 'यॉर्कशायरात तुझी माणसे आहेत ना' असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. इंग्रजाने कोठेही जावे आणि आम्ही मात्र घरी जावे, अशी ही वाटणी होती. ती दुष्टपणाची नव्हती. परंतु वाटणी ती वाटणीच. शेवटी आमचा हट्ट त्यांनी मान्य केला, आणि १९९७ चा उन्हाळा आम्ही उत्तर लंडनमधल्या भाजीच्या वाफ्यांत काढला.

इंग्रजांच्या या वाफ्यांना 'ॲलॉटमेंट' म्हणतात. ज्यांना घराशी जमीन नाही अशा शहरी माणसांस पालिकेने थोड्या भाड्याने जमिनीचा तुकडा द्यावयाचा. १९०८ च्या कायद्याने ही पालिकांची जबाबदारीच ठरली. तुकडा अजून 'रॉड' या जुन्या मापाने मोजतात: पुरा तुकडा दहा रॉडांचा, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर. १९२२ च्या कायद्यातली व्याख्या मोठी गमतीची आहे. या जमिनीत काढलेली भाजी व फळे मुख्यतः कसणाऱ्याने स्वतः व त्याच्या कुटुंबाने खाण्यासाठी असावयाची. आता ऑगस्टात दोन माणसांच्या कुटुंबापुढे दुध्यासारखे दिसणारे 'मॅरो' नावाचे फळ रोज दोन-दोन येऊन पडू लागले, घेवड्याच्या शेंगा तोडून हात दुखले, तर त्या कुटुंबाने किती खावे? बाजार मांडावयाचा नाही, फेकवत नाही; म्हणून देणे आलेच. सकाळी दारात पाहावे तो कोणी तरी मॅरो ठेवून गेलेला. आणि ज्यास तो द्यावा त्याच्याकडे आधीच चार असतात. तरी तो 'वा!' म्हणून घेतो. घेण्याचे बंधन म्हणजे काय हे मोस यांच्या पन्नास पानांपेक्षा त्या एका 'वा'मध्ये आम्हांस अधिक समजले.

आमच्या शेजारच्या वाफ्याचे सत्तरीतले म्हातारे गृहस्थ, पूर्वी आगगाडीवर नोकरीस असलेले, जूनमध्ये आमच्याशी हवेखेरीज काही बोलत नसत. जुलैत त्यांनी बरणीभर मुरांबा दिला. तो आम्ही संपविला, बरणी घासली, आणि आईने पाठविलेले लिंबाचे लोणचे तीत भरून परत केली. म्हाताऱ्याचा चेहरा कसनुसा झाला. पुढच्या रविवारी त्यांनी दोन बरण्या आणल्या. आम्ही त्यात शंकरपाळे घातले. त्यानंतर तीन बरण्या आल्या. तेव्हा पलीकडच्या बाईंनी आम्हांस बाजूस घेऊन समजावून सांगितले की, येथे बरणी रिकामीच परत करावयाची असते. मुरांबा करणाऱ्यास पुढच्या वर्षी बरण्याच हव्या असतात. रिकामी बरणी परत करणे म्हणजे 'आवडला, पुढल्या वर्षीही द्या' असे सांगणे. आणि भरून परत केली की तो हिशेब चुकता केल्यासारखा दिसतो. एकाच रिकाम्या भांड्याचे दोन मुलखांत दोन अर्थ, आणि दोन्ही ठिकाणी हेतू एकच, की येणेजाणे तुटू नये. आमच्या निबंधाचा मुख्य भाग या बरण्यांवरच लिहिला गेला. त्याला बऱ्यापैकी गुण मिळाले. परीक्षकांचा शेरा असा होता की, हिंदुस्थानातील प्रथेशी तुलना अधिक विस्ताराने हवी होती.

ऑक्टोबरात घरी आल्यावर बरण्यांची ही हकीकत आम्ही आईस सांगितली. ती हसली, म्हाताऱ्याची तीन बरण्यांची तऱ्हा तिने पुन्हा सांगावयास लावली, आणि मग गहू निवडता निवडता म्हणाली, "दिले कोणी, घेतले कोणी, परत केले कोणी, हे सगळे लिहिलेस. ज्याच्याकडून घ्यायचेच नाही, त्याचे काय लिहिले आहे तुझ्या पंडिताने?"

आम्ही काही तरी द्यूमाँ सांगू लागलो. तिने ते ऐकून घेतले नाही. "आपल्याकडे गोवऱ्या घेऊन येणाऱ्या बाई होत्या. होळीला त्यांना पोळी द्यायची. त्यांच्याच ताटलीत, वरून. त्यांची ताटली कधी आपल्या उंबऱ्याच्या आत आली नाही. मग रिकामी की भरलेली, हा प्रश्न कुठे आला? त्यांनी कधी काही आणले असते, तर तुझ्या आजीने घेतले असते का?" हे तिने आवाज न चढविता, खडे बाजूस टाकीत सांगितले. लिहून घेऊ का, असे आम्ही विचारले तेव्हा मात्र तिने वर पाहिले. "यात लिहून काय घ्यायचे? सगळ्यांना ठाऊकच आहे."

सगळ्यांना ठाऊक असते ते कोणी लिहून ठेवीत नाही, आणि लिहिले नाही म्हणजे वर्गात शिकविताही येत नाही. आमच्या शास्त्राची पुष्कळशी धडपड या एका खिंडीतून चालते. म्हैसूरकडील रामपुरा या टोपणनावाच्या खेड्यात १९४८ साली राहून एम्. एन्. श्रीनिवास यांनी जी टिपणे केली, त्यांच्या प्रती १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत भस्म झाल्या, आणि मग त्यांनी नुसत्या आठवणीवर सबंध गाव उभे केले. तो ग्रंथ १९७६ साली निघाला आणि त्यांच्या लेखनात तोच अधिक वाचला जातो. आईचे बोलणे आम्ही त्या दिवशी कागदावर उतरविले नाही. ते असे आठवणीतूनच येथे आले आहे.

मोस शिकविण्याचा दिवस आला की आम्ही आमच्या वर्गात आता आईचाच प्रश्न विचारतो: तुमच्या घरून भांडे कोठे जाते, कोठून येते, आणि कोठून येत नाही? वर्ग बराच वेळ गप्प राहतो. मग कोणी तरी शेजारच्या खिरीचे सांगतो, कोणी आहेराच्या वहीचे, आणि हशा होतो. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावरची एक मुलगी हशा ओसरल्यावर उभी राहिली. तिने सांगितले की वरच्या आळीतून त्यांच्याकडे सणाचे जेवण येई. एकदा तिच्या आजीने ते पातेले घासून, तळाशी साखर घालून परत पाठविले. पातेले घेतले गेले. साखर गोठ्यापाशी ओतून टाकलेली आजीने येताना पाहिली. "त्यानंतर आजी पातेले रिकामेच परत पाठवायची, सर," एवढे बोलून ती खाली बसली. त्या तासास पुढे आम्ही काही शिकविले नाही.

या जानेवारीत तीच मुलगी शिफारसपत्र मागण्यास आली होती. इंग्लंडातील एका विद्यापीठात तिला हीच पदवी घ्यावयाची आहे. तिचे वडील बरोबर होते. त्यांनी खर्चाचे विचारले, नोकरीचे विचारले, 'कशाला' असे मात्र विचारले नाही. निबंधास विषय कोणता घेणार, असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली की तिला इंग्रजांच्या घरांतल्या चहाचा अभ्यास करावयाचा आहे: कोण कोणाला आत बोलावतो, आणि कोणाला दारातच कप देतो. आम्ही पत्र त्याच संध्याकाळी लिहून दिले. तेथील मार्गदर्शक तिला एखाद्या महाराष्ट्रीय खेड्याकडे वळवू पाहतील असा आमचा अंदाज आहे. तो पत्रात घालण्यासारखा नव्हता, म्हणून तिला तोंडीच सांगून ठेवला.